रहाड कोण उघडणार?

परवा जुन्या नाशकात तिवंध्याकडून परतताना आमच्या वाड्याच्या जागेसमोर थांबलो. पत्र्याचं कुंपण आहे, आत एरंड माजलाय आणि एका कडेला दगडी जोतं उरलंय. ज्या ओट्यावर बसून आजी शेंगा निवडायची, तो ओटा होता तिथे आता कुणाच्या तरी तीन मोटारसायकली उभ्या असतात.

आम्ही भाडेकरू. अकरा बिऱ्हाडं होती वाड्यात. भाडं महिना ३५ रुपये, आजोबांच्या काळात ठरलेलं. मालक वाईट नव्हते. त्या पैशांत त्यांना कौलंसुद्धा फिरवता येत नव्हती, आणि दुसऱ्याच्या भिंतीत पैसे घालायला आमचा हात धजत नव्हता. मिळकत पत्रिकेवर सतरा वारस, निम्मे गावाबाहेर. दर पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक घरासाठीची कलम २६४ ची नोटीस यायची, आम्ही वाचायचो, आणि माजघरात आणखी एक टेकू लागायचा. शेवटी एका ऑगस्टमध्ये मागची भिंत रात्री बसली. कुणाला खरचटलंही नाही, कारण खालच्या नानांनी संध्याकाळीच तुळईतून माती गळताना पाहिली आणि अकरा बिऱ्हाडं अंथरुणांसकट समोरच्या देवळात नेली. नानांना प्रत्येक घरात कोण झोपतं, कुणाला ऐकू कमी येतं, कोण जिना उतरू शकत नाही, हे ठाऊक होतं.

म्हणून पुनर्विकासाच्या विरोधात मी बोलू शकत नाही. पडणाऱ्या तुळईखाली कुणी लेकरं घेऊन झोपावं असं मला वाटत नाही. वाड्यांच्या आठवणींनी गहिवरणाऱ्यांना हेही सांगायला हवं की अकरा बिऱ्हाडांत दोन संडास होते आणि माझ्या आईने पंचवीस वर्षं दुसऱ्या मजल्यावर पाण्याच्या कळशा चढवल्या. आळ्या जातीजातींनी वसल्या होत्या, आणि वाड्याच्या चौकात कुणी यायचं, कुणी देवडीतूनच परतायचं, हे ठरलेलं असायचं. नदीपलीकडे काळारामाच्या दारात १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला, तो याच गावात. ते मला परत नकोय.

पण नवं बांधताना नेमकं काय मोडतंय, ते नकाशावर दिसत नाही. माझी तक्रार तिथे आहे.

पुराचंच घ्या. गोदावरी चढली की जुन्या नाशकात कुणी मोबाईलवर सूचना यायची वाट पाहत नाही. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की भांडी बाजारात हालचाल सुरू होते, कमरेला लागलं की सराफ बाजारात माल वर चढायला लागतो. घाटावरून कुणी पोरगा ओरडत येतो, मग गल्लीतली पोरं स्वतःच्या घरातलं सोडून दुकानदारांची कपाटं उचलायला धावतात. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात खालच्या दुकानाची खोकी रात्रभर राहतात, कुणी पावती मागत नाही. २००८ ला हे झालं, २०१६ च्या ऑगस्टमध्येही झालं. त्या वेळी मी स्वतः तांब्याचे हंडे उचलून आमच्या जिन्यात रचलेत, आणि काकूंनी कंबरभर पाण्यातून आलेल्या प्रत्येकाला चहा दिलाय. वर दार उघडणारं ओळखीचं घर असल्याशिवाय हे होत नाही. उद्या त्या दुकानावर कुलूपबंद ऑफिसं आली, तर माल कुठे चढवायचा?

आता पूररेषेबद्दल. निळ्या रेषेच्या, म्हणजे नेहमीच्या पुराच्या हद्दीच्या, आत नव्याने बांधायला कडक बंधनं आहेत, आणि ती असलीच पाहिजेत. पण त्या पट्ट्यातला वाडा पडला की तिथला भाडेकरू कुठे जाणार, याचं उत्तर रेषा आखून मिळत नाही. मालकाच्या हातात निदान जागेचा कागद असतो, भाडेकरूच्या हातात जुनी भाडेपावती.

आणि रहाड. बाहेरच्यांसाठी सांगतो : नाशिकला रंग खेळतात तो रंगपंचमीला, आणि जुन्या गावात चौकाच्या पोटात पेशवेकाळापासूनचे हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर रहाड लाकडी ओंडक्यांनी आणि मातीने झाकलेली असते, वरून रिक्षा जातात. रंगपंचमीच्या आधी माती उकरायची, ओंडके काढायचे, हौद घासायचा, फुलांचा रंग कढवून ओतायचा, पूजा करायची, आणि मग वरून धप्पा, म्हणजे हौदात उडी. तिवंध्याचा रंग पिवळा, पंचवटीत शनि चौकाचा गुलाबी. पूजेचा मान ठरलेल्या घरांचा. पूर्वी अशा रहाडी कितीतरी जास्त होत्या, बऱ्याच रस्त्यांखाली गाडल्या गेल्या.

रहाड हौदाच्या दगडांनी टिकलेली नाही. माती कुणी उकरायची, ओंडके कुठे ठेवायचे, फुलं कढवायची भट्टी कुणाच्या अंगणात लावायची, हे न विचारता ठरतं, कारण माणसं तिथेच राहतात. हौदाला वारसा म्हणून पाटी लावता येईल. पण त्याच्या भोवतालची पन्नास घरं पाथर्डी फाट्याला आणि म्हसरूळला पांगली तर त्या पाटीचं करायचं काय? यंदा आमच्या ओळखीतली चार जणं आदल्या रात्री गाड्या काढून शहराच्या टोकांवरून माती उकरायला आली. वडिलांच्या पिढीत त्याच कामाला पायात चप्पल घालायलाही कुणी थांबत नसे.

क्लस्टरची, म्हणजे अनेक वाड्यांच्या एकत्रित पुनर्विकासाची, चर्चा मी वर्षानुवर्षं ऐकतोय. गल्ल्या अरुंद, म्हणून एकेकट्या वाड्याला पुरेसा एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम, मिळत नाही आणि बांधकाम परवडत नाही. तर दहा-पंधरा वाडे एकत्र करा, मधून रुंद रस्ता काढा, उंच इमारत बांधा. हिशोब म्हणून ते समजतं. पण एकत्र करताना गल्लीच पुसली जाते, आणि खाली पार्किंग, वर दुकानं, त्यावर घरं अशी उतरंड लागते. तांबटाचं ठोक्याचं काम तिसऱ्या मजल्यावर चालत नाही. फुलांची टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींना लिफ्टने वर पाठवलं तर गिऱ्हाईक वर जात नाही. त्यांची जागा तळमजल्यावर, रस्त्याला लागूनच हवी, आणि तिचं क्षेत्रफळ करारात लिहिलेलं हवं.

तसंच चौकाचं. ‘कॉमन एरिया’ म्हणून गच्चीवर चार बाकडी टाकणं म्हणजे चौक नव्हे. चौक म्हणजे येता-जाता नजरेला पडणारी जागा, जिथे म्हातारी माणसं बसतात म्हणून पोरं एकटी खेळू शकतात. चैत्रातला काळारामाचा गरुडरथ ज्या गल्ल्यांतून ओढला जातो, धुळवडीला घरातले वीरांचे टाक घेऊन लोक ज्या वाटेने गोदेवर जातात, त्या वाटांवर दार उघडणारी घरं राहिली पाहिजेत. कोकणीपुरा, चौक मंडई, बोहोरपट्टी, सगळीकडे हेच. तिथल्या माणसांशीही आजवर कुणी नीट बसून बोललेलं मी पाहिलेलं नाही.

सिंहस्थ तोंडावर आहे. घाट सजतील, दर्शनी भिंती रंगतील. माझं म्हणणं एवढंच की वाडा उतरवण्याआधी आत राहणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडाचं मोजमाप घ्या, यादी करा, त्यावर मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्या घ्या, आणि त्याच जागी परत येण्याचा हक्क आधी कागदावर आणा. आमच्या वाड्याचं मोजमाप झालंच नाही. भिंत पडली, घाईत उतरवला, आणि आमच्या दोन खोल्या किती फुटांच्या होत्या हे आज सिद्ध करायला माझ्याकडे लाईटबिल आणि आईची आठवण आहे. अकरा बिऱ्हाडांपैकी तिघांचा पत्ताही आता लागत नाही.

म्हणून आम्ही काही जण येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता तिवंध्याच्या चौकात बसतोय. उभ्या असलेल्या वाड्यांतल्या भाडेकरूंनी जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्ड, लाईटबिल घेऊन या. टेप आम्ही आणतोय, खोल्या त्याच दिवसापासून मोजायला घेऊ. मालकांनीही यावं, तुमच्याशिवाय हा कागद पुरा होत नाही. आणि आमच्या वाड्यातलं कुणी हे वाचत असेल तर मला फोन करा, नंबर तोच आहे.