रेंज फुल, नेट गुल

वायफाय रखडतंय म्हणून कस्टमर केअरला फोन केला की एकच पालुपद, "सर, राउटर बंद करून चालू करा." अहो केला! सिग्नल मायनस ४५ डीबीएम, म्हणजे ठणठणीत, पण अख्ख्या बिल्डिंगचे राउटर २.४ गिगाहर्ट्झ बँडच्या चॅनल ६ वर, म्हणजे एकाच लेनमध्ये, कोंबलेत त्याचं काय? एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यात एक महाभाग ३ वर बसलाय, म्हणजे १ ची पण वाट आणि ६ ची पण! वर ४० मेगाहर्ट्झची विड्थ, म्हणजे एकट्यानं दोन लेन अडवायच्या, बँड काय ह्यांच्या तीर्थरूपांचा? ५ गिगाहर्ट्झचा दुसरा बँड वापरा म्हणे, तो बेडरूमच्या भिंतीपाशीच मान टाकतो. आणि राउटर बसवून गेले कुठं, तर चपलांच्या कपाटात, का तर वायर तिथवरच पुरली! "मग ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या ना सर." घेतो हं, लगेच घेतो.