"दिवसा झोप येणं म्हणजे आळस" हा मेसेज पुढे पाठवू नका

सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. वर ठळक अक्षरात "दिवसा झोप येणं हा आजार नाही, आळस आहे, 21 दिवसांत घालवा" आणि खाली पाच मुद्दे. म्हणणं असं की मनावर घेतलं की झोप पळते, घोरणाऱ्याला गाढ झोप लागते, चार-पाच तास झोप पुरते, गाडी चालवताना पेंग आली तर काच खाली करून गाणी लावा, आणि झोपेच्या तपासण्या-गोळ्या हा डॉक्टरांचा धंदा आहे. आमच्या फॅमिली ग्रुपवर हा काकांनी टाकला. एरवी मी सोडून दिलं असतं, पण माझ्या धाकट्या बहिणीला नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येण्याचा मेंदूचा आजार) आहे आणि मेसेज वाचून तिने मला विचारलं, "दादा, गोळ्या बंद करून बघू का?" म्हणून हे लिहायला बसलो.

आधी इच्छाशक्तीचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. बहिणीला शाळेपासून वर्गात झोप यायची, रात्री वेळेवर झोपूनसुद्धा. पेपर लिहिता लिहिता डुलकी लागायची, हात चालूच राहायचा आणि ओळ तिरकी होत खाली घसरायची. शिक्षक आळशी म्हणाले, नातेवाईक म्हणाले लक्ष नाही. मग पुढे जोरात हसली की गुडघ्यातली ताकद जायची, मान लटकायची, पण शुद्ध पूर्ण, आजूबाजूचं सगळं ऐकू यायचं. कुणी अशक्तपणा सांगितला, कुणी फिट्स. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने विचारलं, "हसताना काही होतं का?" इतकी वर्षं हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. हसताना अशी ताकद जाण्याला कॅटाप्लेक्सी म्हणतात आणि ती असेल तर नार्कोलेप्सीचा संशय घ्यायलाच हवा.

आता यात मनावर घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात हायपोक्रेटिन (यालाच ओरेक्सिन पण म्हणतात) बनवणाऱ्या मोजक्या पेशी असतात, जागेपण टिकवून ठेवायचं काम त्यांचं. हे रसायन सापडलं 1998 मध्ये. 2000 साली न्यूरॉन या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, त्यात नार्कोलेप्सीच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले तर या पेशी 85 ते 95 टक्के कमी निघाल्या. कमजोर नाही, थकलेल्या नाही, बहुतेक नव्हत्याच. बहुधा शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती त्यांना मारते आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत, मग 21 दिवस काय आणि 21 वर्षं काय. उपचारांनी आजार जात नाही पण दिवस हातात राहतो, गोळ्या आणि ठरवून घेतलेली छोटी झोप असं दोन्ही मिळून. आणि कॅटाप्लेक्सीसाठी दिलेल्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर झटके आधीपेक्षा वाढून एकामागून एक येऊ शकतात. गोळ्यांना धंदा म्हणणाऱ्याला हे माहीत होतं का? जिन्यावर किंवा रस्ता ओलांडताना असं झालं तर जबाबदार कोण?

घोरण्याचं. घोरणं म्हणजे गाढ झोप हे साफ चूक आहे. घशातली वाट अरुंद झाली की आवाज येतो, आणि स्लीप अॅप्नियामध्ये ती वाट पुन्हा पुन्हा बंदच होते, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, मेंदू क्षणभर जागा होतो, परत झोपतो. तासाला 30 किंवा जास्त वेळा असं झालं तर अॅप्निया तीव्र धरतात. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही, तो म्हणतो आठ तास झोपलो तरी थकलोय. बीपीही वाढतं. यावरचं सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घशातली वाट उघडी ठेवणारं) 1981 पासून आहे, काल-परवाचं फॅड नाही.

चार-पाच तास झोप पुरते यावर जास्त लिहीत नाही, मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात.

गाडीचा मुद्दा मात्र जीव घेणारा आहे. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ 90 मीटर गाडी कुणीच चालवत नाहीये. गार वारा आणि गाण्यांनी फारसा फरक पडत नाही. गाडी बाजूला घ्या आणि झोपा.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, दिवसा पेंगणारे बरेच जण खरंच रात्री कमी झोपतात, मोबाईल बघत बसतात. डॉक्टरही आधी झोपेची डायरी लिहायला सांगतात. थायरॉइड, लोह कमी असणं, डिप्रेशन, सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्या हेही बघतात. पण पुरेशी झोप घेऊनही पेंग येत असेल तर काय, यावर मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

तपासणीला धंदा म्हणणाऱ्यांनी ती असते कशी ते तरी बघा. एक रात्र पॉलिसोम्नोग्राफी, त्यात मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन सगळं नोंदवतात. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी झोपायची संधी देतात, अशा चार-पाच वेळा. सरासरी आठ मिनिटांत किंवा त्याआधी झोप लागली आणि निदान दोनदा पहिल्या पंधरा मिनिटांतच स्वप्नांची म्हणजे आरईएम झोप आली तर नार्कोलेप्सीकडे बोट जातं. एरवी ही झोप यायला तासाभराच्या वर लागतो. बहिणीच्या रिपोर्टमध्ये हे स्पष्ट दिसलं आणि हे कुणाला आळसाने करून दाखवता येत नाही.

तपासणी पुढे ढकलत असाल तर ढकलू नका, आणि डॉक्टरकडे जाताना तुमच्या खोलीत झोपणाऱ्याला सोबत न्या. रात्री श्वास अडतो का, पाय झटकता का, हे त्यालाच सांगता येईल.