काचबिंदूचं लेसर: मेसेज काय सांगतो आणि खरं काय

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'काचबिंदूवर एकदाच लेसर मारा. पाच मिनिटांचं काम. गेलेली नजर महिन्याभरात परत, थेंब कायमचे बंद, पुन्हा डॉक्टरकडे जायला नको.'

यातली पाच मिनिटं तेवढी जवळपास खरी.

'गेलेली नजर परत येते.' नाही येत. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकत जाते. सुकलेले तंतू लेसरने, थेंबांनी किंवा ऑपरेशनने पुन्हा जिवंत होत नाहीत. उरलेली नस टिकावी म्हणून लेसरने डोळ्यातलं प्रेशर उतरवायचं, एवढंच. मग शेजारच्या काकींना लेसरनंतर दुसऱ्या दिवशी लख्ख कसं दिसलं? बहुधा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं असणार, आणि बसवलेल्या भिंगामागे आलेला पडदा यॅग लेसरने उघडला असणार. खुर्ची तीच, मशीनही बऱ्याचदा तेच, पण आजार वेगळा.

'एकदा मारलं की संपलं.' आधी कोणतं लेसर ते विचारा. उघड्या कोनाच्या काचबिंदूत, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा कडेचा कोन मोकळा असतो त्यात, एसएलटी नावाचं लेसर करतात. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर पडतं, तिच्यावर गोल फिरून साधारण 100 ठिपके मारतात. एक ठिपका 400 मायक्रॉनचा, 3 नॅनोसेकंदांचा. प्रेशर 20 ते 30 टक्के उतरतं, पण पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी आपल्या मनाने थेंब सोडणारे इथेच फसतात. काही डोळ्यांत उतार पडतच नाही, आणि बऱ्याच डोळ्यांत तो काही वर्षांनी ओसरतो. मग एसएलटी पुन्हा करता येतं.

कोन अरुंद किंवा बंद असेल तर बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला वरच्या कडेला लेसरने बारीक भोक पाडतात. आधी पायलोकार्पिनचे थेंब घालून बाहुली लहान करतात. आपल्याकडचा तपकिरी, जाड पडदा सहज फुटत नाही, जास्त शॉट लागतात. नंतर प्रेशर उलट चढू शकतं, म्हणून तासाभराने ते मोजल्याशिवाय उठायचं नाही. दुपारची एसटी चुकली तरी चालेल. भोक पडल्यावरही कोन चिकटत राहू शकतो, त्यामुळे गोनिओस्कोपी, म्हणजे खास भिंग लावून कोन बघायची तपासणी, पुन्हा करावीच लागते.

'थेंब कायमचे बंद.' यात तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये 'लाइट' नावाची 718 रुग्णांची मोठी चाचणी झाली. पहिला उपचार म्हणून एसएलटी केलेल्या डोळ्यांपैकी सुमारे 70 टक्के डोळे 6 वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होते. आजार वाढण्याचं प्रमाण लेसर गटात 19.6 टक्के होतं, तर थेंबांपासून सुरुवात केलेल्या गटात 26.8. आकडे चांगलेच आहेत. पण ते उघड्या कोनाचा काचबिंदू किंवा नुसतं वाढलेलं प्रेशर असलेल्या, नुकतंच निदान झालेल्या लोकांचे. त्यांची तपासणी ठरल्या वेळी होत होती, काहींना लेसर दुसऱ्यांदाही लागलं. बंद कोनाच्या किंवा नस बरीच सुकल्यावर आलेल्या माणसाला हे आकडे लावता येत नाहीत.

'पुन्हा डॉक्टरकडे नको.' सगळ्यात घातक वाक्य हे. प्रेशर हळूहळू चढलं तर दुखत नाही. मधली नजर बहुधा शेवटी जाते. माणूस पेपर वाचतो, जाळं शिवतो, आणि बाजूने येणारी रिक्षा मात्र त्याला दिसत नाही. लेसरनंतर प्रेशर सहसा महिना-दीड महिन्याने आणि पुढे दर चार-सहा महिन्यांनी मोजतात, फील्ड टेस्ट (बाजूची नजर किती उरलीय ते बघणारी तपासणी) वर्षातून एकदा तरी. निम्मे रिपोर्ट मुंबईला मुलाकडे, निम्मे गावी, असं नको. पहिला फील्ड रिपोर्ट हाताशी नसेल तर नजर घटली की नाही हे डॉक्टरने कशावरून ठरवायचं?

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. पावसाळ्यात डोळे आले की मेडिकलवाल्याकडून थेंब आणून घालायची सवय असते. त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का ते बघा. ही स्टेरॉइडं काही आठवडे चालू राहिली तर काहींचं प्रेशर चढतं, आणि काचबिंदूच्या पेशंटला तो धोका जास्त. लेसरनंतर डॉक्टर स्वतःही असे थेंब काही दिवसांसाठी देतात, पण ते कधी थांबवायचे हे चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. उरलेली बाटली पुढच्या साथीसाठी ठेवू नका, टाकून द्या.