दुपारी स्वस्त वीज, पण दुपारी घरात कोण असतं?

परवा तिसऱ्यांदा वीज कंपनीचा तोच माणूस दारात. "ताई, नवा स्मार्ट मीटर बसवून घ्या. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे सूट आहे."

अहो, पण 9 ते 5 आमच्या दाराला कुलूप असतं! गीझर पहाटे साडेपाचला. मिक्सर सहाला, कारण डबे भरायचे असतात. नळाला पाणी येतं सकाळी पाऊण तास, पंप तेव्हाच. कपडे रात्री आठनंतर, इस्त्री त्याहून उशिरा. दिवसा चालतो तो फक्त फ्रिज. मग ही सूट काय फ्रिजला द्यायची? त्या वेळेतले महिन्याला तीस युनिट धरले तरी सूट 24 रुपये. कोथिंबिरीची जुडी आणि एक कटिंग चहा, संपलं!

दुपारी सौरऊर्जा भरपूर असते म्हणून वीज स्वस्त, हे कळतं मला. पण मी ऑफिस सोडून कुकर लावायला येऊ का?

आणि विचारतंय कोण? 2024 च्या जूनमध्ये सरकारनेच सांगितलं होतं, सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही. आता बिल नंतरच भरायचं म्हणे, पण मीटर आलाच ना! शेजारच्या काकू बाजारात गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर जिन्याखाली जुना मीटर गायब, नव्याचा लाल दिवा लुकलुकतोय. ना सही, ना जुन्या रीडिंगचा कागद. उद्या बिल फुगलं तर त्यांनी दाखवायचं काय?

आधी लेखी द्या. मग जिन्यात पाय ठेवा.