पंखा बंद करायला लावणारे न्यायाधीश

आज सकाळी भाचा आला होता. विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि रविवारी मामाकडे कोपऱ्यावरच्या टपरीवरून तर्रीपोहे बांधून येतात हे पक्के ठाऊक असल्यामुळे तो बहुधा रविवारीच उगवतो. खाता खाता मी सहज विचारले, की न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचा विचार आहे का. त्यावर तर्रीत पोहे कालवत तो म्हणाला, "बसतो ना मामा. आधी न्यायाधीश व्हायचे, दोन-चार गाजणारे आदेश द्यायचे, टीव्हीवर यायचे, मग राजीनामा टाकून थेट लोकसभा. तिकीट घरपोच मिळते." सगळे हसले. मीही हसलो. तो गेल्यावर मात्र त्या हसण्याची मला लाज वाटू लागली, आणि दुपारची झोप सोडून मी हे लिहायला बसलो आहे. लांबेल, त्याला इलाज नाही.

त्याच्या डोळ्यांपुढे होते ते अभिजित गंगोपाध्याय. आपल्याकडे हे नाव बंगालइतके परिचित नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ आधी पश्चिम बंगालच्या राज्य सेवेत अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते वकिलीत आले, २०१८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश झाले आणि २०२० मध्ये कायम झाले. शाळांतील शिक्षक भरतीच्या घोटाळ्यात त्यांनी एकामागून एक सीबीआय चौकशीचे आदेश दिले. एका मंत्र्याच्या मुलीची नोकरी रद्द करून तिला घेतलेला पगार परत भरायला लावला. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी एका वृत्तवाहिनीला मुलाखत दिली, आणि आपल्यासमोर चालू असलेल्या प्रकरणाविषयी न्यायाधीशाने वाहिनीवर बोलायचे नसते, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ मध्ये सुनवावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये तर त्यांनी स्वतःच्याच न्यायालयातील एका सहकारी न्यायाधीशावर, तो एका राजकीय पक्षासाठी काम करतो असा ठपका आदेशात लिहून ठेवला. ते आवरायला सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायाधीश शनिवारी, सुट्टीच्या दिवशी बसले. पुढे ५ मार्च २०२४ रोजी राजीनामा, ७ मार्चला भाजपमध्ये प्रवेश, आणि जूनमध्ये बंगालमधल्याच तमलुकमधून लोकसभेवर ७७ हजारांहून अधिक मतांनी विजय. राजीनाम्याआधीच्या सुट्टीत पक्षाने आपल्याशी आणि आपण पक्षाशी संपर्क साधला होता, हे त्यांनीच पत्रकारांना सांगितले.

दोन दिवस! आमच्याकडे भाडेकरू खोली सोडून गेला तर नुसता चुना मारायला आठ दिवस लागतात.

आता हे मला इतके का लागते, ते सांगतो. आमचे हिंगण्याकडे थोडे शेत होते. त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी वाद झाला, आणि तो शेजारी तालुक्यातील एका पक्षाचा वजनदार पुढारी होता. दावा इथल्या दिवाणी न्यायालयात सात वर्षे चालला. १९८२ च्या एप्रिलमध्ये आमच्या जुन्या सालदाराची साक्ष होती, आणि माझी परीक्षा संपलेली असल्यामुळे बाबांनी मला सोबत नेले होते. नागपूरचा एप्रिल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. सालदार सत्तरीचा, तोंडात दात नाहीत, आवाज खोल गेलेला. डोक्यावर पंखा खडखडत होता आणि समोरचे वकीलसाहेब तर त्या पंख्यापेक्षाही मोठ्याने बोलत होते. न्यायाधीशांना काही ऐकू येईना. त्यांनी पट्टेवाल्याला सांगून पंखा बंद करायला लावला. पुढचा पाऊण तास ते घामाने निथळत त्या म्हाताऱ्याचा एकेक शब्द ऐकत होते, रुमालाने मनगट पुसत लिहून घेत होते, आणि प्रत्येक उत्तर त्याला परत वाचून दाखवून "असेच म्हणायचे आहे ना?" असे विचारत होते. कोणी म्हाताऱ्याला इतक्या वेळा काही विचारलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

दावा आम्ही हरलो. डिसेंबरात निकाल लागला. मोजणीचा नकाशा आमच्या बाजूने नव्हता, हे त्याचे सार. पुढाऱ्याने न्यायालयाच्या पायऱ्यांवरच पेढे वाटले, त्यातला एक माझ्याही हातावर ठेवला. मोठे काका घरी येऊन कडाडले, की हे सगळे ठरवून झाले आहे, अपील करायलाच हवे. बाबांनी निकालाची नक्कल काढली, दोनदा वाचली आणि एवढेच म्हणाले, "दादा, त्यांनी पंखा बंद करायला लावला होता."

माझे म्हणणे सगळे या एका वाक्यात आहे. जिंकलेल्या माणसाला न्यायाधीश कसा होता याच्याशी काही कर्तव्य नसते. त्याला समोर भ्रष्ट माणूस बसला असता तरी पेढेच वाटायचे होते. प्रश्न असतो तो हरलेल्याचा. शेताचा तुकडा गेला तरी घरी येऊन त्याला झोप लागली पाहिजे, आणि ती लागते ती समोरचा माणूस कोणाचाच नव्हता एवढ्या एकाच भरवशावर. तोच माणूस पुढे एखाद्या पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊन निघाला, की त्याने पूर्वी ज्यांना ज्यांना हरवले त्या सगळ्यांची झोप उडते. ज्या दिवशी निकाल लिहिला त्या दिवशी त्याच्या मनात काय होते, हे मग त्याने कितीही शपथेवर सांगितले तरी कळायचा मार्ग उरत नाही. आमच्या न्यायाधीशांना निवृत्तीनंतर बाबांनी अनेकदा गोकुळपेठ बाजारात कापडी पिशवी घेऊन भाजी घेताना पाहिले. त्यांनी काही बाबांना ओळखले नाही. बाबा मात्र दर वेळी नमस्कार करत. हेच गृहस्थ त्या पुढाऱ्याच्या प्रचाराच्या जीपमध्ये हार घालून उभे दिसले असते, तर?

हो, शिक्षक भरतीतला घोटाळा खोटा नव्हता. २५ हजारांहून अधिक नेमणुका रद्द करण्याचा उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कायम ठेवला, हे मला माहीत आहे. तमलुकच्या मतदारांनी त्यांना रीतसर निवडून दिले, हेही मान्य. पण मग मला जास्तच राग येतो. काम जर खरे होते, तर त्या खऱ्या कामावर स्वतःच्या हाताने डाग कशाला पाडून घेतला? ज्या सरकारविरुद्ध आदेश दिले त्याच सरकारला आता म्हणता येते, की बघा, आम्ही सांगतच होतो. ज्या मुलांची नोकरी लाच न देताच गेली, त्यांनी कोणाकडे पाहायचे? त्यांच्या बाबतीत कोणी पंखा बंद केला होता की कॅमेरा चालू केला होता, हे त्यांना आता कोण सांगणार?

आणि हे आजचे नाही, म्हणून काँग्रेसवाल्या मित्रांनी उगाच हसू नये. बहारुल इस्लाम हे नाव आठवा. आधी काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, १९७२ मध्ये ती जागा सोडून गुवाहाटी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मग मुख्य न्यायाधीश, निवृत्त झाल्यावर पुन्हा १९८० मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात. बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा सहकारी बँकेच्या प्रकरणातला खटला मागे घेऊ द्यावा, असा निकाल डिसेंबर १९८२ मध्ये दोन विरुद्ध एक मताने लागला, त्यातील एक मत यांचे. विरोधात लिहिले ते आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या तुळजापूरकरांनी. आणि जानेवारी १९८३ मध्ये, निवृत्तीला काही आठवडे उरले असताना, इस्लाम साहेबांनी राजीनामा दिला आणि बारपेटाहून काँग्रेसची उमेदवारी घेतली. आसाममधील परिस्थितीमुळे तिथली निवडणूक होऊ शकली नाही, तर पक्षाने त्यांना त्याच वर्षी परत राज्यसभेत बसवले. तोच निष्कर्ष १९८७ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानेही बहुमताने काढला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचे चुकले नसेलही. पण ते कोणाच्या लक्षात आहे? लक्षात राहिली ती उमेदवारी.

ती बातमी आमच्या घरी आली तेव्हा आमच्या अपिलाची मुदत अजून संपायची होती. काकांनी वर्तमानपत्र बाबांच्या पुढ्यात आपटले. म्हणाले, "सर्वोच्च न्यायालयातला हा असा, तर तुझा तो पंखेवाला कोण लागून गेला?" बाबा काहीच बोलले नाहीत. मला ती संध्याकाळ नीट आठवते, कारण त्या रात्री ते जेवले नाहीत. गुवाहाटी कुठे, दिल्ली कुठे, आणि हिंगण्याचा धुरा कुठे.

रंजन गोगोईंचे तर काय बोलावे. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनी तेव्हाच्या सरन्यायाधीशांच्या कारभाराविरुद्ध पत्रकार परिषद घेतली, त्यांत हे होते, आणि माझ्यासारख्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. मार्च २०१९ मध्ये सरन्यायाधीश म्हणून पीठावर बसून, निवृत्तीनंतरच्या नेमणुका हा न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यावरचा व्रण आहे असे एक मत असल्याचे त्यांनीच बोलून दाखवले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि मार्च २०२० मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले. चार महिने. त्याआधी काँग्रेसने १९९८ मध्ये माजी सरन्यायाधीश रंगनाथ मिश्र यांना राज्यसभेत नेले होतेच, त्यामुळे ओरडायला कोणाचे तोंड स्वच्छ नाही. आणि गंमत पाहा, २०१२ मध्ये भाजप विरोधात असताना निवृत्ती आणि नेमणूक यांत दोन वर्षांचे अंतर हवे असे अरुण जेटली म्हणाले होते, आणि तेव्हाचे पक्षाध्यक्ष, आपले नितीनभाऊ गडकरी, यांनीही तेच सांगितले होते. मी तेव्हा चारचौघांत अभिमानाने सांगत फिरलो होतो, की बघा, नागपूरचा माणूस नेमके बोलला. सत्ता आली आणि ती दोन वर्षे कुठे गेली, कोणाला ठाऊक.

मला माहीत आहे, काही वकील मित्र लगेच लिहितील, की राज्यघटनेत यावर बंदी नाही. नाही, हे खरे आहे. कलम १२४(७) सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाला फक्त वकिली करू देत नाही, बाकी मोकळीक आहे. घटना समितीत के. टी. शहा यांनी अशी बंदी सुचवली होती आणि न्यायालयांपुढच्या प्रकरणांत सरकारचा संबंध फारसा येत नाही, असे सांगून बाबासाहेबांनी ती नाकारली, हेही वाचलेले आहे. पण ते १९४९ साल होते. आज न्यायालयात सगळ्यात जास्त उभे राहते ते सरकारच. १९५८ मध्येच सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेऊ नये असे लिहून ठेवले होते. वाचले कोणी?

चहा पिऊन आलो. राग जरा उतरला आहे, तर एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. नागपूरकर म्हणून मी हिदायतुल्लांचे नाव छाती फुगवून घेत आलो आहे. मॉरिस कॉलेजात शिकलेले, इथल्याच उच्च न्यायालयात वकिली केलेले, इथेच न्यायाधीश आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झालेले, पुढे देशाचे सरन्यायाधीश. सिव्हिल लाइन्समधील त्या दगडी इमारतीवरून जाताना मुलांना मी त्यांचेच नाव सांगत असे. आणि तेही १९७९ मध्ये उपराष्ट्रपती झाले, म्हणजे राज्यसभेच्या अध्यक्षस्थानी बसलेच. मग ते चालते आणि हे नाही, असे का? मी बराच वेळ विचार केला. निवृत्ती आणि ते पद यांत जवळजवळ नऊ वर्षे गेली होती, आणि सगळ्या पक्षांनी मिळून त्यांना बिनविरोध निवडले होते. त्यांच्यासमोर हरलेल्या कोणालाही, ते समोरच्याच्या गोटात गेले असे म्हणायची सोय नव्हती. तरीही, आपल्या गावचा माणूस म्हणून मी त्यांना थोडे झुकते माप देतो आहे, हे मला कळते.

याच नागपूर खंडपीठासमोर वकिली केलेले भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले. त्यांचे वडील, रा. सू. गवई, आयुष्यभर राजकारणात. विधान परिषदेचे सभापती, खासदार, राज्यपाल. म्हणजे घरात ती वाट आधीच मळलेली होती. आणि या गृहस्थांनी पदावर असतानाच जाहीर केले, की निवृत्तीनंतर कोणतेही सरकारी पद घेणार नाही. मी आज सकाळी भाच्याला हे सांगायला हवे होते. त्याऐवजी मी हसलो. पोराचा दोष नाही. तो जे पाहतो तेच बोलला, आणि खरे सांगायचे तर थट्टाच करत होता. पुढच्या रविवारी आला की सांगेन.

त्याला दाखवायला म्हणून मघाशी बाबांची पत्र्याची पेटी उघडली. निकालाची नक्कल मिळाली. कागद पिवळा पडला आहे, शिक्का अजून वाचता येतो. मागच्या कोऱ्या बाजूवर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने अपिलाची शेवटची तारीख लिहिलेली आहे आणि तिच्यावर आडवी रेघ मारलेली आहे. आजवर मला एवढेच माहीत होते. आज चष्मा लावून पाहिले, तर त्या रेघेखाली तीच तारीख पुन्हा एकदा लिहिली आहे, जरा जोर देऊन. आणि तिच्यावरही रेघ आहे.