खड्डा काढण्याआधी पुराची रेघ बघा

जुन्या वर्कशॉपचं गॅरेज करताना सगळ्यात आधी गाडीखाली शिरायचा खड्डा काढा, असं एका लेखात म्हटलंय. सांगलीत जरा दमानं घ्या! आमच्या वडिलांच्या लेथच्या शेडमध्ये 2019 च्या पुराची रेघ अजून भिंतीवर आहे, माझ्या छातीइतकी. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी 45. मी हौसेनं खड्डा काढला, पावसाळ्यात त्यात बेडूक. शेवटी बुजवला, आता माझी जुनी पद्मिनी गाडी जॅकनं उचलून स्टँडवर ठेवतो. स्विचबोर्ड रेघेच्या वर घेतलेत. आणि चुन्यातल्या दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा नकोच, ओल आत कोंडते. गवंड्याचं ऐकून मी एक भिंत घालवली, अजून पोपडे झाडतोय.