गॅलरी आधी रिकामी झाली : ‘पाच सेंटांनी नाटक बुडवलं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या फिरत्या नाटक मंडळ्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला का बुडाल्या, यावरच्या लेखात मी ‘लढत मालवाहतुकीची होती’ असं म्हटलं होतं. त्याखाली तुम्ही चार आक्षेप घेतलेत. एक, मी सिनेमाला फुकट निर्दोष सोडलं. मंडळ्या सिनेमाच्या पाच सेंटांच्या तिकिटानेच बुडाल्या. दोन, मुका सिनेमा बोलत्या नाटकाला हरवूच शकत नाही. खरा घाव बोलपटाचा, जसा आपल्याकडे संगीत नाटकाला १९३१ नंतर बसला. तीन, १९२०च्या दशकात ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कचा नाट्यव्यवसाय, तेजीत होता, मग बुडालं काय? चार, ‘निकेलोडियन’ (पाच सेंटांचं चित्रगृह) हा शब्द १९०५चा नाही.

चौथा आक्षेप बिनशर्त मान्य. बॉस्टनमध्ये १८८०च्या दशकातच या नावाचं एक स्वस्त करमणूकगृह होतं. जून १९०५मध्ये पिट्सबर्गच्या स्मिथफील्ड स्ट्रीटवर हॅरी डेव्हिस आणि जॉन हॅरिस यांनी ९६ खुर्च्यांचं चित्रगृह उघडलं, तेव्हा शब्द जुना होता, धंदा नवा होता.

पहिला आणि दुसरा आक्षेप मात्र एकमेकांच्या पायात पाय घालतात. पाच सेंटांच्या मुक्या सिनेमाने बुडवलं असेल, तर बोलपट त्या जागी नव्हताच. तारखा पाहा. १९०४च्या सुमारास हंगामातल्या एखाद्या आठवड्यात तीनशेहून अधिक मंडळ्या दौऱ्यावर असत. १९२०पर्यंत हा आकडा पन्नासच्या आत आला. बोलपटाचा धडाका ऑक्टोबर १९२७चा. तो आला तेव्हा दौऱ्याचं तेरावंसुद्धा उरकलं होतं.

मग पाच सेंट? तिथे तुम्ही अर्धे बरोबर आहात. नुसतं तिकीट पाहू नका, त्यामागचा हिशेब पाहा. ९६ खुर्च्या, पाच सेंट, म्हणजे एका भरलेल्या खेळाचे ४ डॉलर ८० सेंट. हसण्यासारखी रक्कम. पण डेव्हिसचं चित्रगृह सकाळी आठ ते मध्यरात्र चालायचं. वीस मिनिटांचा एक खेळ धरला तर दिवसाला ४८ खेळ होतात. घर अर्धंच भरलं तरी ११५ डॉलर. माणसं किती लागतात? तिकीटवाला, दारावरचा, प्रोजेक्टरवाला आणि पियानोवाला. प्रेक्षक खुर्चीला चिकटून बसला की नुकसान, म्हणून शनिवारी रात्री प्रोजेक्टरवाला हँडल जोरात फिरवायचा. हजार फुटांचं रीळ सेकंदाला १६ चित्रांच्या वेगाने साधारण साडेसोळा मिनिटं चालतं. गर्दीच्या रात्री तेच दहा-बारा मिनिटांत संपवायचे. पडद्यावर अंत्ययात्रा पळत सुटायची, पण एक खेळ वाढायचा.

आता फिरत्या नाटक मंडळीचा हिशेब. तीस माणसं, शंभर मैलांवर पुढचा मुक्काम. १९०६-०७च्या सुमारास अनेक राज्यांनी रेल्वेचं भाडं मैलाला दोन सेंटांवर बांधून दिलं होतं, त्या दराने साठ डॉलर. पंचवीस तिकिटं घेतली की सामानाचा एक डबा फुकट, असा साधारण रिवाज होता. त्यामुळे नेपथ्य डब्यात बसेल इतकं कापायचं, नाहीतर दुसऱ्या डब्यासाठी पैसे मोजायचे. वर हॉटेल, पगार आणि गावातल्या थिएटरवाल्याचा गल्ल्यातला वाटा. एवढं करून रात्री खेळ एक, फार तर दुपारचा आणखी एक. १९१८मध्ये, रेल्वे युद्धकाळात सरकारच्या ताब्यात असताना, भाडं मैलाला तीन सेंट झालं आणि त्यावर आठ टक्के युद्धकर बसला. त्याच साठ डॉलरच्या प्रवासाला आता ९७ डॉलर २० सेंट. आणि सिनेमाचं एक रीळ? पत्र्याच्या डब्यात जेमतेम दोन-अडीच किलो. ते पार्सलने जातं. त्याला हॉटेल लागत नाही आणि पगारही थकत नाही.

‘लढत मालवाहतुकीची होती’ याचा अर्थ हा. रिळं विकण्याऐवजी भाड्याने देणारी केंद्रं, म्हणजे एक्स्चेंज, १९०३च्या आसपास उभी राहिली नसती तर पाच सेंटांचा धंदा सहा महिन्यांत मेला असता. विकत घेतलेलं रीळ गावाने दोनदा पाहिलं की मालकाच्या गळ्यात पडतं. भाड्याचं रीळ आज इथे, उद्या पलीकडच्या गावात. अर्थात फिरून फिरून कडेची भोकं फाटायची, ओरखड्यांनी पडद्यावर पाऊस पडल्यासारखा दिसायचा. आणि तेव्हाची ज्वालाग्राही नायट्रेटची फिल्म प्रोजेक्टरच्या झरोक्यात अडकून थांबली तर कार्बन आर्कच्या प्रखर दिव्याच्या उष्णतेने पेट घ्यायची. म्हणून दिव्यापुढे झाकण आणि प्रोजेक्टरभोवती अस्बेस्टॉस लावलेली खोली आली.

पण मंडळ्यांनी आपल्या पायावर धोंडा आधीच पाडून घेतला होता, आणि यावर मी ठाम आहे. १८९६मध्ये चार्ल्स फ्रोहमन, क्लॉ, अर्लांगर आदी सहा नाट्यव्यावसायिकांनी थिएट्रिकल सिंडिकेट काढली आणि देशभरातल्या थिएटरांच्या तारखा एका ठिकाणी बांधल्या. सुरुवातीला हे वरदान होतं. त्याआधी गावोगावचे मॅनेजर दर उन्हाळ्यात न्यूयॉर्कला येऊन तारखा ठरवायचे, एकाच रात्री दोन मंडळ्या एका दारात उभ्या राहायच्या, किंवा एकही यायची नाही. सिंडिकेटने मार्ग सरळ केले, आणि मग दाराला कुलूप घातलं. जो ऐकणार नाही त्याला थिएटर नाही. प्रख्यात फ्रेंच नटी सारा बर्नहार्टला १९०६मध्ये टेक्ससमध्ये तंबूत प्रयोग करावे लागले ते यामुळेच. मग सिंडिकेटचे प्रतिस्पर्धी शुबर्ट बंधू मैदानात उतरले. एक थिएटर पोसण्याची ताकद असलेल्या गावात दोन उभी राहिली. ती भरायला खेळ हवेत, म्हणून न्यूयॉर्कच्या एका यशावर दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या संचाच्या मंडळ्या निघाल्या, आणि जाहिरात मात्र मूळ संच असल्याच्या थाटात. गावकरी एकदा फसतो. १९१०मध्ये छोट्या थिएटरवाल्यांनी आपली संघटना करून सिंडिकेटची एकनिष्ठा झुगारली. आठवड्यातल्या चार रात्री बंद राहणारं थिएटर आणि शेजारी रोज चालणारं चित्रगृह, यांत त्यांनी काय निवडलं हे सांगायला नको.

आता मुक्या सिनेमाबद्दल. तुमचा आक्षेप ‘नाटक म्हणजे संवाद’ असं धरून चालतो. पाच सेंटांनी पहिल्यांदा ज्याला गिळलं त्या नाटकात संवाद दुय्यम होता. ‘दहा-वीस-तीस’ म्हणून ओळखली जाणारी, म्हणजे दहा, वीस आणि तीस सेंटांच्या तिकिटांची, मेलोड्रामाची (भडक, थरारक नाटकांची) थिएटरं १९०८-१०च्या आसपास कोसळली. तिथला प्रेक्षक यायचा तो रुळांवर बांधलेला माणूस आणि धडधडत येणारी गाडी पाहायला. ती गाडी लाकूड-कॅनव्हासची, विंगेतून माणसं ढकलायची. पडद्यावर खरी गाडी आली, आणि तीही निम्म्या पैशात. शिवाय औद्योगिक शहरांत नुकत्याच उतरलेल्या कितीतरी लोकांना इंग्रजी येतच नव्हतं. त्यांच्यासाठी मुकेपणा ही सोयच होती. मोठ्या थिएटरांतही आधी गॅलरी रिकामी झाली, म्हणजे वेगळ्या जिन्याने चढून बाकांवर बसणारा स्वस्त प्रेक्षक गेला. खालच्या दीड-दोन डॉलरच्या खुर्च्या बराच काळ भरत होत्या.

रोमन काळातल्या कथेवरच्या ‘बेन-हर’ नाटकाचंच पाहा. १८९९मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरात क्लॉ-अर्लांगर यांनी रथांची शर्यत रंगमंचावर आणली. आठ घोडे दोन रथांना जुंपलेले, पायांखाली फिरते पट्टे, मागे उलट दिशेने सरकणारा रंगवलेला पडदा. घोडे जिवाच्या आकांताने धावतात आणि जागच्या जागी राहतात. अफाट कल्पना, पण हे वजन पेलणारा रंगमंच किती गावांत असणार? १९०७मध्ये केलेम या चित्रपट कंपनीने तीच कथा न विचारता उचलली आणि एका रिळात शर्यत उरकली. चित्र सुमार होतं, पण ते कुठल्याही पाच सेंटांच्या खोलीत पोचलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९११मध्ये केलेम हरली. तोवर नाटकं अशीच फुकट उचलली जात होती.

आपल्याकडच्या १९३१शी तुलना म्हणूनच जमत नाही. संगीत नाटकाचा जीव गाण्यात. मुका सिनेमा ते गाणं उचलून नेऊ शकत नव्हता; त्यासाठी बोलपट यावा लागला. अमेरिकन मेलोड्रामाचा जीव दृश्यात होता, तो वीस वर्षं आधीच लुटला गेला.

राहिला ब्रॉडवे. १९२७-२८च्या हंगामात तिथे अडीचशेच्या वर निर्मिती झाल्या, हे खरंच. पण माझा लेख दौऱ्याबद्दल होता, आणि दौरा आटल्यानेच सगळं न्यूयॉर्कात एकवटलं. त्या तेजीत पैसा कुणाचा होता तेही पाहा. १९१२मध्ये चित्रपट-व्यावसायिक अॅडॉल्फ झूकरने चार्ल्सचा भाऊ, नाट्यनिर्माता डॅनियल फ्रोहमन याला सोबत घेऊन ‘नामांकित नट, नामांकित नाटकं’ या घोषणेवर फेमस प्लेयर्स ही चित्रपट कंपनी उभी केली. पुढे चार्ल्स फ्रोहमनची कंपनीच त्याच गटाच्या ताब्यात गेली. फॉक्स या चित्रपट कंपनीने नाट्यनिर्मात्यांना भांडवल देऊन चित्रपटाचे हक्क आधीच बांधायचा घाट घातला, तेव्हा नाटककार बिथरले आणि १९२६मध्ये त्यांनी आपल्या संघटनेमार्फत निर्मात्यांकडून किमान अटींचा करार करून घेतला. तेजीतला ब्रॉडवे हा बऱ्याच अंशी हॉलिवूडचं नमुन्याचं दुकान होता.

‘निकेलोडियन’बद्दलचं वाक्य मूळ लेखात दुरुस्त केलं आहे. बाकीचं आहे तसं ठेवतो.